आडीत हललेलं बिऱ्हाड

कमलाक्षीबाईंचा राग तंजावरच्या अख्ख्या करंदै पेठेत ठाऊक होता. लग्नाआधी त्यांनी एका दूधवाल्याच्या डोक्यात त्याचंच माप घातलं होतं, आणि त्यानंतर दुधात पाणी दिसलं नाही, हे त्या स्वतःच अभिमानानं सांगत. नवरा रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होता. १९५७ साली तो वारला, तेव्हा हाती आलेल्या फंडातून बाईंनी दोन भागांचं घर घेतलं. मागे आपण राहायचं, पुढचा भाग भाड्यानं द्यायचा आणि कुणापुढे हात न पसरता मरायचं, एवढाच बेत होता.

चूक झाली ती भाडेकरू निवडताना. एक तमिळ शाळामास्तर वर्षाचं भाडं आगाऊ द्यायला तयार होता. पण रघोजी कल्हईवाला विड्याचं ताट घेऊन आला, मराठीत ‘अक्का’ म्हणाला आणि बाई विरघळल्या. दीर तुळजाराम म्हणाले, कागद करून घ्या. आपल्या माणसाकडून कसला कागद घ्यायचा, म्हणून बाई त्यांच्यावरच उखडल्या.

वर्षभरात रघोजीनं ओट्यावर भट्टी थाटली. नवसागराच्या धुरानं भिंती काळ्या पडल्या आणि भाडं थांबलं. तुळजाराम विचारायला गेले, तर त्यानं त्यांना दोन थोबाडीत ठेवून दिल्या आणि चष्मा टाचेखाली चिरडला. वकिलानं हात झटकले. कायदा भाडेकरूच्या बाजूचा, त्यात बाईंकडे कागद नाही. मग रघोजीच गोडीत आला. आडी महिन्यात त्या मुलखात कोणी घर बदलत नाही, अशुभ मानतात. बाईंनी जागा सोडायला सांगितलं की “आडी सरूं दे, अक्का,” एवढंच तो म्हणे. आडी सरला की बायकोचं दुखणं निघे, आणि ते थेट हिवाळ्यातल्या मार्गळी महिन्यापर्यंत पुरे. मार्गळीतही बिऱ्हाड हलवत नाहीत. बाई आणखी कशाला भीत नसत, पण रीत मोडायला भीत, आणि मेल्याला हे पक्कं ठाऊक होतं. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या आडीत त्यानं विहिरीच्या रहाटाचा दोर कोयत्यानं तोडला आणि बजावलं, घर मला विका, नाहीतर तहानेनं मरा. बाई नवा दोर बांधायला गेल्या, तेव्हा त्यानं त्यांना केसांना धरून विहिरीच्या कठड्यावर आपटलं. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं. पडवीत मुसळ होतं. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. तो कोयत्याकडे वळला, तसा दुसरा उजव्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. रघोजी चिखलात लोळला. बाईंनी मुसळ तिसऱ्यांदा उचललं, ते त्याच्या डोक्यात घालायलाच.

मागून कोणीतरी ते धरलं. रघोजीची बायको, शेषम्मा. इतक्या वर्षांत तिचा आवाज बाईंनी क्वचितच ऐकला होता.

“डोक्यांत नको, अक्का, तुज फाशी देतील,” ती म्हणाली. “डावा हात मोड. मज त्यानंच मारतो.”

बाईंनी मुसळ खाली टाकलं. भिंतीपलीकडचे धपाटे, तोंड दाबून केलेलं रडणं, सगळं त्यांनी ऐकलं होतं. दर वेळी काळजी वाटली होती ती भिंतीच्या गिलाव्याची. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

बाईमाणसाच्या हातचा मार खाल्ला, हे रघोजीला पोलिसांत सांगवेना. दुसऱ्याच दिवशी, भर आडीत, हात गळ्यात बांधून त्यानं भट्टी बैलगाडीत चढवली. शेषम्माला चढ म्हणाला. ती ओट्यावरून हलली नाही. त्यानं डावा हात उगारला, तशा कमलाक्षीबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. कपाळाची पट्टी अजून ओली होती. त्यानं हात खाली घेतला, आणि गाडी गेली.

महिना सरल्यावर जागा विचारायला दोघे आले. एकजण तर दुप्पट भाडं द्यायला तयार होता. बाईंनी दोघांनाही ओट्याखालूनच परत पाठवलं. पुढच्या भागात बिऱ्हाड आहे, म्हणाल्या.