समुद्राकाठी बोंबील खायची चोरी

मुंबई चांगली की मद्रास, यावर माझी दोन पोरं तीन वर्षं भांडली. थोरला मुंबईला कचेरीत. धाकटा इथंच रांजणगावच्या कारखान्यात लागला होता, त्याला कंपनीने मद्रासला पाठवलं. नवरा वारल्यावर दोघांनी ठरवलं, आईने सहा महिने इकडं आणि सहा महिने तिकडं राहायचं. कालव्याच्या पाण्याची पाळी लावतात तशी माझी पाळी लावली. पाण्याला कोणी विचारत नाही, मलाही विचारलं नाही.

माझं घर रांजणगावात, वस्तीच्या टोकाला. दोन खोल्या आणि मागच्या दारी चूल. दगड मी आणि नवऱ्याने डोक्यावर वाहिले. मला तिथंच राहायचं होतं आणि तसं मी दोघांना तोंडावर सांगितलं. दोघे हसले. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

मग फोनवर सुरू.

"इथं दवाखाना समोर आहे. तुझ्याकडं तिच्याशी बोलायला तरी कोण आहे?" थोरला म्हणायचा.

"आणि तुझ्याकडं? पाचवा मजला, लिफ्ट बंद. माझ्याकडं अंगण आहे अंगण."

मी शेजारीच बसलेली असायची. बाजारात बैलाचे दात बघताना बैल जसा उभा असतो, तशी.

खरं सांगायचं तर दोन्ही शहरांत माणसं जगतात, मीही जगले. मुंबईत भाषा आपली, भाजीवालीशी तोंड वाजवता यायचं. पण घरात ऊन म्हणून यायचं नाही, लुगडं दोन दिवस वाळायचं नाही. मद्रासला ऊन एवढं की डोकं भणभणायचं. पाणी टँकरने. बायका रंगीत प्लास्टिकच्या घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, मीही राहायची. त्यांचं मला कळेना, माझं त्यांना. तरी मी रांग मोडू दिली नाही. रोज सकाळी त्या दारात पाणी शिंपडून रांगोळी काढायच्या, ते मला आवडलं. तीन वेळा भात मात्र आवडला नाही. ज्वारीचं पीठ मिळत नाही, असं सून म्हणायची. शोधलं असतं तर मिळालं असतं.

पण माझं बिनसलं ते बोंबलावरून.

आमच्याकडं समुद्र नाही. शिरूरच्या बाजारात सुकट-बोंबील येतात, ते तव्यावर भाजायचे, वर लसूण-मिरची, आणि भाकरी. दोन्ही पोरं त्यावरच वाढली. मला वाटलं, जिथून बोंबील येतात तिथं तरी पोटभर खाऊ. मुंबईत पहिल्याच आठवड्यात गॅसवर दोन भाजले. लगेच बेल वाजली. समोरची बाई नाकाला पदर लावून उभी.

"काय जळतंय हो आजी?"

"जळत नाही. भाजतंय."

संध्याकाळी थोरला म्हणाला, "आई, सोसायटीत हे चालत नाही. लोक नावं ठेवतात."

"मग समुद्र कशाला ठेवलाय इथं? बघायला?"

त्या बाईचा आवाज मला ओळखीचा होता. आम्ही गावकुसाबाहेरचे. तुमच्याकडं आज काय शिजलंय, हे त्याच आवाजात मी लहानपणापासून ऐकलं. गावात निदान सरळ बोलायचे, नाकाला पदर लावत नव्हते.

मद्रासला घरमालक वरच्या मजल्यावर. घर देतानाच त्याने मासे नकोत म्हणून सांगितलं होतं. मला ठाऊक होतं, तरी मी ट्रंकेत लुगड्यात गुंडाळून बोंबील नेले. एका दुपारी अंगणात तीन विटा मांडल्या, झावळी पेटवली आणि भाजले. मालकीण ओरडली नाही. तिने वरच्या खिडक्या एकेक करून लावून घेतल्या. धाकटा कामावरून आला तो थेट वर गेला आणि जिन्यातच हात जोडून उभा राहिला. मालक लष्करात राहिलेला, त्याला हिंदी यायची.

"गाँव की है, समझती नहीं," माझा पोरगा म्हणाला.

मद्रासी मला येत नव्हती. हिंदी कळत होती. हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

सहा महिने भरले. मला मुंबईच्या गाडीत बसवलं, सोबत त्याच्या कंपनीतला एक माणूस दिला. दुसऱ्या दिवशी गाडी दौंडला थांबली. मी म्हणाले, "ट्रंक खाली उतरव."

"मावशी, मुंबई अजून लांब आहे."

"ठाऊक हाय मला."

"तुमच्या मुलांना काय सांगू?"

"सांग, पाळी संपली."

दौंडवरून एसटीने शिरूर, तिथून रांजणगाव. घराला कुलूप नव्हतं. दोरीवर कंपनीचे शर्ट वाळत होते. आत तिघे जण, बिहारकडचे, कारखान्यात कामाला.

"किसका घर है ये?" मी विचारलं.

"मालिक बंबई में रहते हैं, अम्मा."

थोरल्याने मला न सांगता घर भाड्याने दिलं होतं. मी ट्रंक उंबऱ्यात ठेवली. "मालिक मैं है," म्हणाले. हिंदी माझी एवढीच. त्यांना पुरली. एकाने पाणी आणून दिलं. दुसरा जरा वेळाने भीत भीत म्हणाला, "अम्मा, मछली पका सकते हैं? मालिक ने मना किया है."

माझ्या चुलीवर! मी डोक्यावर दगड वाहून बांधलेल्या घरात माझ्या पोराने ती अट घातली होती. मुंबईच्या बाईचा पदर त्याने इथवर आणला होता.

दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या दुकानात थोरल्याचा फोन आला. "आई, हे काय केलंस? मुंबई नको तर मद्रासला राहा, पण तिथं एकटी—"

"तुझी अट मी काढली. ही बिहारची पोरं पुढच्या खोलीत ऱ्हातील, मी मागच्या. भेटायला यायचं तर ये. येताना बोंबील आण. तुझ्याकडं समुद्र हाय न्हवं?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आला. बोंबील आणले नव्हते. मी शिरूरच्या बाजारातले भाजून भाकरीवर वाढले. मान खाली घालून त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. मग मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले. हाताचा वास घेतला आणि परत धुतले.