रस्त्याकडची खिडकी

“चला, आता तिथे आपल्या दोन गाड्या तरी लागतील.” भेटायला आलेले शेजारचे देवधरकाका चपला घालता घालता बायकोला म्हणाले. आवाज खाली होता, पण दार उघडं होतं आणि मी पाण्याचे पेले घेऊन दाराआड उभी होते. क्षणापूर्वी हेच काका बाबांचा हात धरून “फार मोठी बाई गेली हो” म्हणत होते. आत्याला जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता... मी पेले सिंकमध्ये ठेवले आणि साबणाने हात धुतले. हात स्वच्छच होते.

‘तिथे’ म्हणजे आमच्या कोथरूडच्या सोसायटीला लागून असलेला तिकोनी तुकडा. रस्ता रुंद झाला तेव्हा आजोबांच्या जागेतून एवढाच उरला. त्याची आठवण लोकांना फक्त फुटकं कमोड किंवा जुनी गादी टाकताना व्हायची. आत्या आर्किटेक्ट. मनाच्या आजारातून बऱ्या झालेल्या, पण घरच्यांनी परत न नेलेल्या बायकांसाठी तिला तिथे घर बांधायचं होतं. लहानसंच; प्रत्येकीला स्वतःची खोली, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर, आणि गोळ्यांच्या वेळा बघायला, अडीनडीला हाक मारायला खाली राहणारी एक बाई. “वॉर्ड नको गं, घर,” ती म्हणायची. “कडी आतून लागली पाहिजे.”

नकाशा कागदावर उतरवण्याआधी आत्या खोल्या जमिनीवर काढायची. पांढरी फक्की मारून, खऱ्या मापाच्या. मग जे राहणार त्यांनाच आत सतरंजी टाकून झोपायला लावायची. एका रविवारी सुनंदाताई आल्या. किती वर्षं एका संस्थेत काढली, ते त्यांनाच नीट सांगता येईना. त्या फक्कीच्या चौकटीत आडव्या झाल्या, कूस बदलली, बराच वेळ डोळे मिटून पडल्या.

“डोकं इकडं करते,” शेवटी म्हणाल्या. “आन् खिडकी रस्त्याकडं ठेवा, ताई. माणसं दिसू देत. लई दिवस भिंतच बघितली.”

आत्याने खिडकीच्या जागी लगेच एक वीट ठेवली. वर बाल्कन्या भरल्या होत्या. कोणीतरी व्हिडिओ काढत होतं.

“अहो बाई, आमच्या मुली क्लासवरून इथूनच येतात!” देवधरकाका वरून ओरडले.

“येऊ द्या की,” आत्या मान वर करून म्हणाली. “सुनंदाताईंना माणसंच बघायचीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर फक्की पाइप लावून धुऊन टाकलेली. आत्याने पुन्हा मारली, पुन्हा धुतली गेली. एरवी टँकरसाठी भांडणाऱ्या सोसायटीकडे तेवढ्यापुरतं पाणी मुबलक होतं. आत्या हसायची. मला मात्र लिफ्टमध्ये त्या लोकांशेजारी उभं राहणंसुद्धा नकोसं झालं. पण चारचौघांत माझा आवाजच फुटत नाही. “इंग्लिश मीडियमची एवढी फी भरली ती गप्प बसायला का गं?” आत्या चिडवायची.

नकाशा मंजूर झाला, आणि थोड्याच दिवसांत ती झोपेत गेली.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फ्लेक्सवर आत्याचा फोटो, खाली कमिटीचे त्याहून मोठे. मागे बटाटेवडे तळल्याचा वास. देवधरकाका माइकवर गहिवरले. बाईंचं नाव अजरामर राहावं म्हणून त्या जागेवर त्यांच्या नावाची छोटीशी बाग करू, कडेला थोडं पार्किंग, पाटीचा खर्च कमिटी करेल... टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! जिवंतपणी जिची रेघ टिकू दिली नाही, तिच्याच नावाची पाटी लावून घर अडवायचं.

आत्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जागा आता बाबांच्या आणि माझ्या नावावर येणार. आमचा होकार लागणार होता. “वाईट नाही गं,” बाबा कुजबुजले. “तिचं नाव तरी राहील. आणि आपल्याला इथेच राहायचंय.” माइक त्यांच्यापर्यंत आला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

हॉलच्या खिडकीतून तो तुकडा दिसतो. फक्की कधीच गेली होती. कोणीतरी आणखी एक जुनी गादी आणून टाकली होती. तिच्या कडेला आत्याने ठेवलेली वीट तशीच होती. ती उचलावी, असं कोणाला वाटलं नव्हतं.

“पाटी नको,” मी म्हणाले. माइकमधून माझाच आवाज परका वाटला. देवधरकाका हसून काही बोलायला लागले, म्हणून मी जरा मोठ्याने म्हणाले, “तिथे घरच होईल, काका. आणि खिडकी रस्त्याकडेच राहील.”