डबा तोच, आतलं पीठ दुसरं

बाजरी अर्धीच पाखडून झाली होती. सूप तसंच खाली ठेवून ताईबाई उठली आणि सकाळपासून चौथ्यांदा कॉम्प्युटरच्या डब्यामागं वाकली. पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव तिनं बोटानं चाचपलं. 'ताईबाई ज्ञानदेव'. भांड्यांवर नावं घालणारा केडगावात आला, तेव्हा तिनं पातेल्यांबरोबर हा डबाही पुढं केला होता. तेव्हा सगळे हसले होते.

"डबा आपलाच हाय," ती शेजारच्या सोजरबाईला म्हणाली. "आतलं पीठ बदललंय."

"शनवारी तू विहारात व्हतीस, तवा तो दौंडचा अयुब आलता की. पिशवी भरून सीड्या घेऊन. जाताना पिशवी जडच वाटली मला."

ताईबाईनं डब्यावर हात ठेवला. त्या डब्यात तिच्या आईच्या ओव्या होत्या. आई राहू गावची. दोन हजार तीन साली ती गेली. त्याआधी दोन महिने अंथरुणावर पडल्या पडल्या ती जात्यावरचं गायची आणि ताईबाईची लेक गौतमी टाइप करायची. एकशे बारा ओव्या, कागदावर एकही नाही. ताईबाई रोज सकाळी कॉम्प्युटर लावायची. हिरव्या टेकडीचं चित्र आलं की कोपऱ्यातली फाइल उघडून एक ओवी वाचायची. सोमवारपासून ती टेकडीच गेली होती. तिच्या जागी पांढऱ्या पोटाचा एक जाडा पक्षी येत होता, त्यामागं निळा पडदा, आणि फाइल कुठंच नाही. रविवारी सकाळी गौतमीनंच तो लावून दिला होता आणि दुपारी ती शिरूरच्या होस्टेलवर गेली.

नवऱ्यानं, ज्ञानदेवनं, कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला जाताना दौंडात निरोप ठेवला होता, म्हणून दुपारी अयुब आला. ताईबाईनं पाणी दिलं, चहाचं नाव काढलं नाही.

"अयुब, माझ्या आईच्या ओव्या कुणाला दिल्यास?"

"मी कशाला नेऊ मावशी? हायत तिथंच. चालू करा बघू."

तिनं बटण दाबलं आणि पाठ फिरवून फळीवरच्या बुद्धमूर्तीपुढं हात जोडले. यंत्र लावायचं आणि ते जागं होईस्तोवर त्रिसरण म्हणायचं, हा तिचा रोजचा नेम. ते म्हणून झाल्यावर वळली, तर समोर पक्षी.

"बघितलंस?"

"तुम्हीच न्हाई बघितलं. परत लावा."

परत बटण, परत पाठ, परत पक्षी.

"हातचलाखी हाय गं," सोजरबाई दारातून म्हणाली. "बोटांवर नजर ठेव त्याच्या."

अयुबनं कपाळाला हात लावला. "मावशी, आज एकदा त्रिसरण आधी म्हणा आन् बटण मागून दाबा."

तसं केलं. काळा पडदा आला, त्यावर पांढऱ्या दोन ओळी, खाली आकडा उतरत होता. दहा, नऊ, आठ.

"गौतमीला कॉलेजात लिनक्स शिकायचंय. मी तुमची टेकडीवाली विंडोज पुसली न्हाई. डिस्कचे दोन भाग केले, शेजारी लिनक्स बसवलं. लावलं की ते दहा सेकंद विचारतं, दोघांतल्या कुणाला उठवू? कुणी बोललं न्हाई तर लिनक्स उठतं, तो पक्षी त्याचाच. तुमची पाठ तिकडंच असती, मग आणखी काय व्हणार?" त्यानं बाणाचं बटण खाली दाबलं, मग एंटर.

टेकडी उघडली. कोपऱ्यात फाइल. ताईबाईनं ती उघडली.

'जात्या रं दगडा, गुपचूप ऐकतोस,
मनीचं सांगू तुला, पिठासंगं सांडितोस.'

ती पदरानं डोळे टिपत राहिली. मग एकदम वळली.

"तो पक्षी शेजारीच ऱ्हातो म्हंजी. त्याला माझी फाइल दिसती?"

"दिसती, पण..."

"दिसती ना? मग त्याचा काय भरवसा? आन् भाग करताना तुझं बोट चुकलं असतं मग?"

अयुबनं कीबोर्डवरचं बोट मागं घेतलं. "कॉपी काढाया पायजे व्हती आधी. गौतमी म्हणली, आईला मी सांगते."

"तिचं बघते मी. बस, चहा टाकते. डबा मातूर बंद करू नगंस."

चहा पिऊन अयुब गेला. चालू कॉम्प्युटरसमोर ताईबाईनं सोजरबाईला बसवलं, कशालाही बोट लावायचं नाही असं दोनदा बजावलं, आणि बाजरी सुपातच ठेवून ती स्टेशनजवळच्या दुकानातून दोनशे पानी वही आणायला निघाली.