ऋषीच्या भाजीचा वाफा

भात शिजला का हे बघायला मी चारदा झाकण काढते. अजूनही. आईने ह्यापायी फटके दिले, सासूबाईंनी टोमणे मारले, ह्यांनी हसून सोडून दिलं. गुण कशाचाच आला नाही. एखादी गोष्ट व्हायची आहे म्हटलं की ती आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे. ह्या स्वभावापायी मी एका म्हाताऱ्या बाईच्या तीस वर्षांच्या व्रताशी खेळ केला.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्यानंतरची दोनतीन वर्षं. गावातल्या भाड्याच्या खोल्या सोडून आम्ही रंकाळ्याच्या पलीकडे नव्या वस्तीत राहायला गेलो होतो. हे शाळेत मास्तर. गल्लीत आठ बैठी कौलारू घरं, प्रत्येकामागे जेमतेम परडं. गटार नव्हतंच. प्रत्येकीच्या मोरीचं पाणी दुसरीच्या दारात जायचं आणि सकाळी सातालाच भांडणाला तोंड फुटायचं. एकीने शेणाचा बांध घालायचा, दुसरीने तो लाथेने उडवायचा. नवरे ऑफिसला जाताना पाण्यावरून उड्या मारत जायचे आणि गप्प असायचे.

मला बघवेना. एका रविवारी पदर खोचला, कुदळ घेतली आणि आमच्या मोरीपासून चर खणायला लागले. आठही मोऱ्यांचं पाणी त्या एका चरात घ्यायचं, कडेने केळी आणि कर्दळी लावायच्या, उरलेलं पाणी गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या तुकड्यात अळवाला सोडायचं, असा माझा बेत. पहिले दोन दिवस बायका दारात उभ्या राहून मजा बघत होत्या. तिसऱ्या दिवशी समोरची आली, म्हणाली, "चर वाकडा चाललाय की गं," आणि माझ्या हातातली कुदळच काढून घेतली. महिन्याभरात चर शेवटपर्यंत पोचला. भांडणं थांबली असं नाही, पण आता ती केळीच्या पिल्लावरून आणि कोणाच्या वाट्याला किती अळू ह्यावरून व्हायची. त्यात निदान खायला काही मिळत होतं.

गल्लीच्या शेवटच्या घरात आत्याबाई राहायच्या. एका कारकुनाच्या त्या आत्या, बालविधवा, सत्तरी ओलांडलेल्या. सगळी गल्ली त्यांना आत्याबाईच म्हणायची. आयुष्य नेसरीकडच्या खेड्यात काढून चार वर्षांपूर्वी भाच्याकडे आल्या होत्या. ऋषिपंचमीचं व्रत त्या तीस वर्षं करत होत्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. माणसाने हाताने खणून पिकवलेलं तेवढंच खायचं. गावी त्या स्वतः परड्यात खणून भेंडी, दोडका, अळू, माठ पिकवायच्या. कोल्हापुरात आल्यापासून त्या दिवशी पाण्यावर राहत होत्या. बाजारातली भाजी कुणाच्या कष्टाची कोण सांगणार?

"यंदा उद्यापन करायचं म्हणते," त्या एकदा माझ्याशी बोलल्या. "देह थकला आता. चराच्या वरचा तो कोरडा तुकडा मला द्याल का? पण हाताने खणायचा हं. मी खणीन रोज थोडा."

त्या कसल्या खणतायत! आम्ही सगळ्यांनी कबूल केलं, रोज सकाळी एकेका घराने अर्धा तास खणायचं. तो तुकडा म्हणजे नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडायची. वैशाख संपत आला तरी निम्मासुद्धा झाला नाही. कुणाचे हात सोलले, कुणाकडे पाव्हणे आले. मिरग तोंडावर आला होता आणि मी रोज त्या तुकड्याकडे बघून आतल्या आत चरफडत होते.

तेवढ्यात आत्याबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन तीन दिवस नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेल्या. माझ्या धाकट्याला गोवर निघाला होता म्हणून मी मागे राहिले. मागे राहिलेल्या दुसऱ्या म्हणजे कोपऱ्यावरच्या वैनी. त्यांची वस्तीमागे शेती, दारात गोठा, जनावरं सोडून त्यांना कुठे जाता येत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गोठ्यापाशी जाऊन उभी राहिले.

"वैनी, तुमचे बैल तासभर मिळतील का?"

"तासभर कशाला, दीस घ्या की. आमचं मालक घालत्याल नांगूर. पर त्ये म्हातारीचं हातानं खणायचं हुतं न्हवं?"

"कुणाला सांगू नका म्हणजे झालं."

वैनींनी माझ्याकडे बघितलं आणि दावं सोडायला वळल्या. दुपारच्या आत तुकडा नांगरून झाला. खुरांचे ठसे मी खराट्याने पुसले, ढेकळं फोडली, वाफे पाडले. इतकं हलकं वाटलं मला, काय सांगू. चोरी केल्याची भावना म्हणाल तर तेव्हा तिळभरही नव्हती. काम झालं होतं, बस्स.

वाडीहून आल्यावर आत्याबाई चपला काढून त्या मातीत उतरल्या. खाली बसून त्यांनी मूठभर माती उचलली. डोळे भरून आले त्यांचे. "एकटीनं केलंस? पोर आजारी असताना?"

तिथेच सांगायला हवं होतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, कौतुकाने. मी म्हणाले, "त्यात काय, झालं हळूहळू."

त्या दिवसापासून माझं चित्त उडालं. आत्याबाई येईल त्याला सांगायच्या, "ह्या पोरीनं माझ्यासाठी हाताची सालं काढून घेतली." मी हात पदराखाली लपवायची. भेंडी टरारून वर आली, पडवळ मांडवावर चढला, अंबाडी गुडघ्याला लागली. बायका बियाणं आणत होत्या, शेण आणत होत्या, ज्या दोघी वर्षभर एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या त्या एका काठीला दोन्हीकडून धरून मांडव बांधत होत्या. आणि मी? रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. सांगितलं तर हे सगळं मोडेल, ह्या भीतीने संध्याकाळी परत यायची. एकदा तर वेड्यासारखा विचार आला, सगळा वाफा पुन्हा हाताने खणला तर बैलाचे कष्ट पुसले जातील. बसले खुरपं घेऊन. भेंडीची सात रोपं मुळासकट उपटली गेली तेव्हा भानावर आले. ह्यांनी विचारलं, "तुझ्या पायाला भिंगरी होतीच, आता हातालाही लागली का?" मी त्यांच्यावरच खेकसले.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, वैनींनी बैलांची शिंगं रंगवून, झुली घालून त्यांना गल्लीतून फिरवलं. आत्याबाईंनी दोघांना ओवाळलं, पुरणपोळी भरवली आणि त्यांच्या मानेवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाबांनो, आमच्या वाफ्याचा तेवढा भार तुमच्यावर पडला नाही, बरं झालं."

वैनींनी मला कोपराने ढोसलं. "मास्तरीणबाई, सांगून टाका की वो. माझ्या पोटात ऱ्हायना झालंय."

"सांगते."

"कवा? म्हातारी जेवल्यावर?"

ऋषिपंचमी उजाडली. गुरुजी बारा वाजता यायचे होते. आत्याबाईंच्या स्वयंपाकघरात चुलीवर मोठ्या पातेल्यात ऋषीची भाजी शिजत होती. तेल नाही, फोडणी नाही, नुसतं मीठ आणि हिरवी मिरची. अळू, भेंडी, पडवळ, भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे. आठही घरच्या बायका पडवीत दाटीवाटीने बसल्या होत्या. आत्याबाई नेसूचं धूतवस्त्र सावरत उठल्या आणि पळी माझ्या हातात दिली.

"नैवेद्याचं ताट तू वाढ. तुझ्या कष्टाचं आहे."

पळी भाजीत बुडवली. वर येईना. हिसडा देऊन उचलली तसा भाजीचा रस चुलीत सांडला आणि फस्स झालं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "बैल लावले होते. मी लावले. तुम्ही वाडीला गेला होता तेव्हा."

पडवीतून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं, आणि एकदम सगळ्या बोलायला लागल्या. आमची समोरची तर माझ्यावर ओरडलीच. वैनी उभ्या राहिल्या. "बैल माजं हुतं. मला बी बोला."

आत्याबाईंनी हात वर केला. त्या रागावल्या असत्या, रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती वेळ चालले बैल?"

"दुपारपर्यंत."

"त्या मुरमात?"

"हो."

त्यांनी फडक्याने पातेलं उतरवलं. मी धरायला गेले तर कोपराने मला बाजूला सारलं. भाजी त्यांनी परातीत ओतून निवत ठेवली. तेवढ्यात गुरुजी आले, त्यांना दारातूनच सांगितलं, "पुढच्या वर्षी या." मग परात उचलून त्या बाहेर पडल्या. आम्ही सगळ्या मागोमाग. गोठ्यात जाऊन त्यांनी परात दोन्ही बैलांच्या पुढ्यात ठेवली. बैलांनी आधी हुंगलं, मग खायला लागले. आत्याबाई शेवटचा तुकडा संपेपर्यंत उभ्या होत्या. त्या दिवशी त्या पुन्हा पाण्यावर राहिल्या.

परतताना माझ्यापाशी थांबल्या. "उद्यापन झालं की सुटेन म्हणत होते," त्या म्हणाल्या. "तुझ्या घाईपायी मला आता आणखी एक वर्ष जगायला लागणार."

ते वर्ष मी कसं काढलं माझं मला ठाऊक. वाफ्यासाठी केळीच्या मागचा नवा तुकडा घेतला आणि तो मीच खणायला सुरुवात केली, दिवाळीपासून. महिनाभर कुणी आलं नाही. पहिल्यांदा वैनी आल्या, मग समोरची, मग सगळ्या. पण मला त्या मातीपेक्षा आत्याबाईंच्या दाराची काळजी. सकाळी दार उघडायला जरा उशीर झाला की मी जाऊन कडी वाजवायची. थंडीत त्या खोकायला लागल्या तर मी दिवसातून पाचदा काढा घेऊन जायची. माघात त्यांनी अंथरूण धरलं. भाचा म्हणाला, वयच झालंय. मी त्याच्या अंगावर धावून गेले, वय झालंय म्हणजे काय? देवाला कधी काही मागितलं नव्हतं एवढ्या रागाने ते सहा महिने मागत राहिले. मला त्यांची माया होती की माझी सुटका हवी होती, खरं सांगायचं तर दोन्ही.

त्या जगल्या. पुढच्या भाद्रपदात गुरुजी आले, उद्यापन झालं, आणि आत्याबाई पाटावर बसून आमच्या हातची भाजी सावकाश जेवल्या. मी समोर बसून त्यांचा घासन् घास बघत होते. पान संपलं, त्यांनी आचवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"माझ्या दाराकडं बघून बघून डोळे खोल गेले गं तुझे," त्या म्हणाल्या. "जा, नीज जरा. आता मी मेले तरी चालतंय."

घरी येऊन मी भुईवरच आडवी झाले आणि ओक्साबोक्शी रडले.