दोरीवरची रिकामी जागा
परवा बॅग झटकताना लेन्सच्या हूडमधून माशाचा वाळका खवला पडला आणि तोंडवलीची ती रापण आठवली. रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावरून ओढणाऱ्या माणसांचा फोटो मला एका पुस्तकासाठी हवा होता. वारा असा की वाळूत लेन्स बदलली असती तर मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्याच्या सेन्सरची वाटच लागली असती. म्हणून गाडीतच वाइड झूम लावली. वाटलं, हिच्यात सगळं मावेल. मावलंही, पण लांब उभा राहून झूम फिरवत बसलो आणि माणसं मुंग्यांएवढी आली. दोरी ओढणारी एक बाई ओरडली, "थंय रवान काय दिसतला तुका? हयसर ये, दोरयेक हात लाव!" गाडीत गेलो, काचा लावून झूम काढली, जिच्यात झूम होतच नाही, आपणच पुढेमागे व्हावं लागतं अशी प्राइम लेन्स चढवली आणि येऊन रांगेत दोरी धरली. मग दोनच पावलं मागे सरून फोटो घेतला. जाळं आल्यावर तिने चार बांगडे माझ्यापुढे टाकले, "ह्यो तुझो वाटो." झूम ठेवावी की प्राइम, हा माझा महिनाभराचा घोळ तिथेच मिटला, हायसं वाटलं. झूम केव्हाच विकली. त्या फोटोत दोरीवर एका माणसाची जागा रिकामी दिसते, ती माझी.