आप्पांची खुर्ची आणि माझं मेण

मी आयुष्यात रंगवलेली पहिली खुर्ची पिस्ता रंगाची होती, आणि ती मी बिघडवली. हे आधीच सांगून टाकते. कारण आता शेजारणी जुनी टेबलं, स्टुलं, सासूबाईंचे पाट घेऊन माझ्याकडे येतात आणि "तुमच्या हातालाच गुण आहे हो" म्हणतात, तेव्हा मला हसू आवरत नाही. हाताला कसला गुण! एकवीस वर्षांची होते, डी.एड. करून नोकरीची वाट बघत घरी बसले होते, आणि जिभेला हाड नव्हतं. एवढीच माझी तयारी.

आमचं गाव न्हावऱ्याच्या पुढं, ऊस-कांद्याचं. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. सरपंचपदाचं आरक्षण निघालं ते अनुसूचित जातीच्या बाईसाठी, आणि निवडून आलेल्यांत तशी बाई एकच, माझी आई. परवापर्यंत लोकांच्या रानात कांदा खुरपणारी बाई सरपंच झाली. आमच्या बुद्धवस्तीत पेढे वाटले, निळा गुलाल उडाला, वडिलांनी कारखान्यावरून दोन दिवस रजा काढली. मी तर अशी मिरवत होते की जणू मीच निवडून आले.

मग कळलं, आई सरपंच झाली खरी, पण बसायला खुर्ची नाही. ग्रामपंचायतीत हात असलेली सागवानी खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कित्येक वर्षं आप्पा बसत आलेले. आप्पा म्हणजे आधीचे सरपंच, मोठे बागायतदार, आणि आता सदस्य. माणूस वाईट नव्हता. माझ्या आजीला दवाखान्यात न्यायला त्यांचीच जीप आली होती, हे आई अजून सांगते. पण आप्पा आले की उठायचं, हे गावाच्या अंगात मुरलेलं. ते नुसते रस्त्यानं गेले तरी ओट्यावरची माणसं उठायची, बाया पदर सारखा करायच्या. कुणी सांगावं लागायचं नाही.

आईच्या पहिल्या सभेच्या दिवशी ती सागवानी खुर्ची दुरुस्तीला गेली होती, असं सांगण्यात आलं. आई बाकावर बसली. आप्पा आत आले, आई उठली, त्या जागेवर आप्पा बसले आणि आई दाराजवळ सतरंजीवर जाऊन टेकली. पुढच्या महिन्यातही तेच. त्यापुढच्या महिन्यात भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, रजिस्टर घेऊन घरीच आले सहीला. आईनं चुलीपुढं बसून सही केली आणि त्यांना चहा दिला. माझ्या डोक्याची शीर तडतडत होती.

भाऊसाहेब भित्रे, पण मनानं सरळ. कपबशीकडं बघत आईला म्हणाले, "ताई, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे सामानाच्या वहीत, सागवानी खुर्ची एक, अशी नोंद आहे. आणि कोंडवाड्याच्या खोलीची किल्ली नियमानं सरपंचांकडं असती. मी काही बोललो नाही हं." आणि खिशातून किल्ली काढून बशीत ठेवून गेले.

कोंडवाड्याच्या खोलीत, गंजलेल्या पाइपांमागं खुर्ची सापडली. एक पाय डुगडुगत होता, बैठकीची वेताची वीण फाटून लोंबत होती आणि त्यात कुणाच्या तरी कोंबडीनं संसार थाटला होता. पाठीला मधोमध काळा तेलकट डाग, आप्पांच्या डोक्याएवढा. दुरुस्तीला म्हणून नेत असल्याची आईनं रजिस्टरला रीतसर सही केली. निदान आता तरी खुर्ची खरोखर दुरुस्तीला गेली.

पण आईचा जीव भलत्याच गोष्टीत अडकला होता. मी खुर्ची धूत होते तर शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बसीन गं मी. खुर्चीला भीत न्हाई. पर आप्पा आले की पाय आपुआप उठत्यात. जलमाची सवय हाय ती. त्याला काय करू?"

"पायांना सांग सरपंच झालीस म्हणून," मी म्हणाले. अशी मी शहाणी.

रंगकाम शिकायला मी दौंडला मामांकडे गेले. मामा रेल्वेत सुतार. सुटीच्या दिवशी ते रेल्वेच्या बंगल्यातल्या एका म्हाताऱ्या मॅडमची कपाटं रंगवून द्यायचे आणि त्या मॅडमनी त्यांना एक युक्ती शिकवली होती. त्याला हल्ली चॉक पेंट म्हणतात आणि छोट्या डब्याला केवढी किंमत लावतात! मामांच्या लेखी ते नुसतं "मॅडमचं मिश्रण" होतं. भिंतीचा डिस्टेंपर, त्यात चाळलेली खडूची पावडर, थोडा सुताराचा पांढरा गोंद, आणि ताकापेक्षा दाट, दह्यापेक्षा पातळ होईल इतकं पाणी. जुनं पॉलिश खरवडून काढायची गरज नाही. धुवायचं, वाळवायचं, पॉलिशपेपरचा एक हलका हात मारायचा आणि लावत सुटायचं. वाळला की रंग पाटीवरच्या खडूसारखा कोरडा दिसतो. त्यावर मेण.

मेणाचं मामांनी मला तीनतीनदा बजावलं. मधमाशांचं मेण चुलीवर थेट वितळवायचं नाही, गरम पाण्यात डबा ठेवून वितळवायचं. चुलीपासून लांब नेऊन मग त्यात टर्पेंटाइन घालायचं, नाहीतर मिशा जळतात. "मला कुठं मिशा आहेत?" मी म्हणाले. मामा हसले नाहीत. म्हणाले, "आन् ध्यानात ठिव, बोटाला लागंल इतकं मेण लावायचं न्हाई, बोटाला वास यील इतकंच लावायचं. मंग चार दिवस हात लावायचा न्हाई." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

पाय त्यांनी सांगितल्याप्रमाणे खुंटी मारून घट्ट केला. वेताच्या जागी मामांनी कापून दिलेली फळी ठोकली. ती फळी मी दौंडहून एसटीत मांडीवर घेऊन आले आणि कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं, यावर आमचं न्हावऱ्यापर्यंत भांडण चाललं.

रंग कोणता, यावर घरात खडाजंगी झाली. मला निळाच पाहिजे होता. आई म्हणाली, "निळी केलीस तर म्हनतील वस्तीची खुर्ची हाय. ती साऱ्या गावाची दिसली पायजे." मग शेजारच्या लग्नघरातला उरलेला पिस्ता डिस्टेंपर मिळाला. त्या काळी गावातल्या निम्म्या भिंती पिस्ताच होत्या, त्यामुळे खुर्ची खरोखरच साऱ्या गावाची दिसणार होती.

पहिला हात मारला आणि मी खूश. जिथं तिथं पिस्ता! तासाभरानं बघते तर पाठीवर मधोमध तपकिरी डाग उमटलेला, आप्पांच्या डोक्याएवढा. दुसरा हात दिला, वाळला, डाग हजर. तिसऱ्या हातानंतर तो नुसता फिकट झाला, पण हटला नाही. वस्तीतल्या बाया बघायला यायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या, "आप्पा काय उठत न्हाईत गं." मी चिडून न्हावऱ्याच्या दुकानातल्या फोनवरून दौंडला निरोप ठेवला. मामांचं उत्तर आलं की वर्षानुवर्षांचं तेल रंगातून वर येतंच, आधी चपडा लावावा लागतो. चपडा म्हणजे लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पाणी. त्याचा एक हात त्या डागावर दिला, वर पुन्हा पिस्ता, आणि आप्पा गेले. नवशिक्यांनी एवढं तरी माझ्याकडून घ्यावं, तेलकट लाकडाला आधी चपडा.

या डागाच्या भानगडीत दिवस गेले आणि एक मेची ग्रामसभा उद्यावर आली. मेण लावायला फक्त आदली दुपार उरली होती. मी विचार केला, चार दिवस नाहीत तर चारपट मेण लावू. हा हिशेब मी कोणत्या शाळेत शिकले होते कोण जाणे! चांगलं लोण्यासारखं थापलं. खुर्ची अशी चमकायला लागली की मी वडिलांना हाका मारून दाखवली. संध्याकाळी बैठकीला बोट लावलं तर चट्ट आवाज करून सुटलं. मेचा उकाडा, मेण वाळतंय कसलं!

मी कुणाला बोलले नाही. सांगितलं असतं तर आईला न बसायला आयतं कारण मिळालं असतं. साडीला डाग पडला तर पडू दे, म्हटलं. इस्त्री आणि वर्तमानपत्राचा कागद घेऊन मी काढीन. खरं सांगते, त्या रात्री मला आईपेक्षा खुर्चीची काळजी जास्त होती.

सकाळी वडिलांनी आणि मी खुर्ची उचलून पंचायतीपुढच्या मांडवात नेऊन ठेवली. आई आली, खुर्चीकडं एकदा बघितलं आणि बसली. तिची ती फिकी निळी, खळ दिलेली साडी आणि पिस्ता खुर्ची. लोक जमले, बाया एका बाजूला, गडी एका बाजूला. भाऊसाहेब कागद चाळत होते आणि घाम पुसत होते. मी बायांमध्ये पुढं बसून आईच्या चेहऱ्याकडं बघत होते.

आप्पा नेहमीसारखे उशिरा आले. जीप थांबल्याचा आवाज झाला आणि मांडवातली सगळी माणसं उठली. मीही अर्धी उठले होते, खोटं कशाला बोलू! आईचं अंग पुढं झुकलं. पदर सारखा करायला हात निघाला आणि परत खुर्चीच्या हातावर गेला. झालं, आता उठणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. उघडले तर आई बसलेलीच. आप्पा मांडवात उभे, सगळं गाव उभं, आणि आई एकटी बसलेली. चिकटली! मला एकदम आठवलं. माझ्या मेणानं धरून ठेवलं होतं तिला. मला हसू फुटायला लागलं आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

आई बसूनच म्हणाली, "या आप्पा, बसा. भाऊसाहेब, सुरू करा."

आप्पा क्षणभर तसेच उभे राहिले. मग पुढच्या रांगेतल्या लोखंडी खुर्चीवर बसले, आणि एकेक करून गाव बसलं. दोन तास सभा चालली. वस्तीतला हातपंप मंजूर झाला, शाळेच्या पत्र्यांचं ठरलं. सभा संपली तेव्हा मी धावत जाणार होते, तिला सोडवायला, पण बायांच्या घोळक्यातून वाट मिळेपर्यंत ती उठून घराकडं निघालीसुद्धा होती.

दिवसभर गावात एकच विषय, बाई उठली न्हाई. मला मात्र खरी गोष्ट माहीत होती आणि ती पोटात राहीना. वस्तीतल्या चार घरी मी हसत हसत सांगून आले, कशाचं काय, आईला माझ्या मेणानं धरून ठेवलं होतं. बाया पोट धरून हसल्या. मीही हसले. माझी बिघडलेली खुर्ची कशी कामी आली, हे सांगताना मला किती मोठं झाल्यासारखं वाटत होतं!

संध्याकाळी आईनं साडी बदलून दोरीवर टाकली. मी गुपचूप इस्त्री आणि कागद काढले आणि साडी अंथरली. मागची बाजू पाहिली, उलटी करून पाहिली, उजेडात धरून पाहिली. मेणाचा ठिपका नाही. शेवटी आईलाच विचारलं, मेणाचं सगळं कबूल करून.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "व्हय, चिकाट हुती की. तू झोपली हुतीस तवा पहाटं बसून बघितलं, तर लुगडं धराया लागली. मंग घेतलं फडकं आन् घासली तासभर. तुला म्हनलं न्हाई, तू येवढी राबलीवतीस."

"मग तू उठली का नाहीस?"

तिनं परातीवरून हात उचलले आणि माझ्यापुढं धरले. "पाय निघालेच हुते गं. हातानं धरली खुर्ची. लई घट्ट धरली. ह्ये कशानं निघतंय आता?"

पीठ लागलेल्या बोटांच्या दहाही नखांत पिस्ता रंग भरला होता. दोन नखं मुळापर्यंत तुटून लाल झाली होती. मला लाज वाटली. मी टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस आणला, तिचा एकेक हात मांडीवर घेतला आणि काडीच्या टोकानं रंग काढत बसले. तुटलेल्या नखांना टर्पेंटाइन झोंबत होतं, तिचे डोळे भरून येत होते, आणि ती मला म्हणत होती की तव्यावरची भाकरी बघ आधी.

दुसऱ्या दिवशी उठून मी त्या चारही घरी परत गेले आणि सांगून आले, मेणाचं काही नव्हतं, ते आईनं पहाटेच पुसून टाकलं होतं.