कापशाच्या पिंजऱ्याखालच्या मुंग्या

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी सशाच्या पिंजऱ्याखाली मुंग्यांची रांग दिसली... आणि मी घाबरले.

मी कळसला राहते, इंदापूर तालुक्यात. घरात मी आणि हा कापशा, एवढेच. आमचे हे जाऊन अडीच वर्षं झाली. कापशाला त्यांनीच बारामतीच्या बाजारातून पिशवीत घालून आणलं होतं.

मुंग्यांना घाबरायचं कारण सांगते. ह्यांची शुगर आम्हाला अशीच कळली होती... मोरीत मुंग्या लागल्या म्हणून. आता कापशाचंही तसंच. वाटीभर पाणी दिवसभर पुरायचं, ते दुपारच्या आत संपायला लागलं. खालचा कागद सारखा ओला.

मी शाळा चौथीपर्यंतच शिकले, पण वाचायची सवय स्वतःच लावून घेतली. फोनवर शोधलं. सशालाही डायबेटिस होतो, पण क्वचित, असं लिहिलं होतं. मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते... ह्यांच्या उरलेल्या गोळ्या कपाटातून काढल्या आणि एक मोडायला घेतली. पाव तुकडा द्यावा म्हटलं.

तेवढ्यात शेजारच्या शमशादभाभी कढीपत्ता मागायला आल्या. त्यांनी पाकीट हातातून काढूनच घेतलं.

"माणसाची गोळी सशाला? त्याला मारताय का काय ताई? एवढं वाचता, आन् अक्कल कुठं ठिवली? चला, बारामतीला न्यायचं. मी येते संगं. दुकान बघतील आमचं ह्ये."

भाजीच्या टोपलीत कापशा, वर भाभींची ओढणी. एसटीत कंडक्टरने विचारलं, टोपलीत काय हाय. भाभी म्हणाल्या, "पेशंट हाय."

जनावरांच्या दवाखान्यात दोन कुत्री भुंकत होती. कापशाचं काळीज ओढणीवरून हाताला लागत होतं. डॉक्टरांनी कानातून थेंबभर रक्त घेतलं. आकडा मोठा आला.

पण डॉक्टर म्हणाले, ह्या एका आकड्यावर माझा विश्वास नाही. घाबरलेल्या सशाची साखर अशीही चढते. त्यांनी साखर तपासायच्या पट्ट्या दिल्या. घरी, तो शांत असताना, स्वच्छ ट्रेमधली लघवी रोज सकाळी बघायची.

आठवडाभर पाहिलं. रोज पट्टीचा रंग बदलायचा, म्हणजे साखर होतीच. मी कॅलेंडरवर लिहीत गेले आणि मंगळवारी पुन्हा दोघी गेलो.

डॉक्टरांनी कापशाला काट्यावर ठेवलं, वजन जास्तच भरलं. मग विचारलं, हा खातो काय?

मी म्हटलं, गवत... मेथी... भाभी माझ्याकडे बघत होत्या. "खरं सांगा की ताई. त्यो मुका हाय, तुमी तर न्हाय ना."

मग सांगितलं.

ह्यांना मी गोड खाऊ दिलं नाही. एकदा गुऱ्हाळावर सगळे गरम गूळ खात होते, तेव्हा चार माणसांत ह्यांच्या हातातलं गुळाचं पान मी काढून घेतलं. ते नुसते हसले... तेच हसणं मला राहून राहून आठवतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भात झाला, भजी झाली, सगळ्यांचे हात जोडून झाले. शेवटी दिरांनी गुळाचा खडा ठेवला आणि कावळा लगेच आला. लोक म्हणाले, गोडाची इच्छा राहिली होती.

त्या दिवसापासून रोज सकाळी ह्यांच्या वाटणीचा गुळाचा खडा मी कापशाला देत होते. सणाला पोळी, शिरा, केळं. त्यांचा जीव होता ना त्याच्यावर. वाटायचं, त्याने खाल्लं की त्यांना पोचलं... अडीच वर्षं.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते हात धुवायला गेले, परत आले आणि म्हणाले, "काकू, शुगर निघाल्यावर मालक किती वर्षं होते?"

"सोळा."

"सोळा वर्षं. पाय, डोळे?"

"शेवटपर्यंत चांगले होते. हार्टनं गेले."

"मग चांगलं सांभाळलंत की. तसंच ह्याला सांभाळा." आणि कागद ओढून ते लिहायला लागले.

गूळ, फळं, पोळी बंद. वाळलं गवत मात्र सतत पुढ्यात, कारण ससा उपाशी राहिला तर ते साखरेपेक्षा वाईट. दर आठवड्याला वजन. इंजेक्शन लागेल का, ते पुढे बघू.

मला पुढचं नीट ऐकूच येत नव्हतं. कागद भाभींनी घेतला. परतीच्या गाडीत त्यांनी मला ते सगळं पुन्हा सांगितलं... दोनदा.

पहिला आठवडा फार अवघड गेला. कापशा सकाळी जाळीला नाक लावून बसायचा, मग पाय आपटायचा. मी तिथेच जमिनीवर बसून गवताची एकेक काडी पुढे करायचे. चौथ्या दिवशी त्याने चिडून एक काडी ओढली. मग दुसरी.

ह्या आठवड्यात पाच दिवस पट्टीचा रंग बदललेला नाही. वजन उतरतंय. डॉक्टर म्हणतात, अजून खुश होऊ नका, लक्ष ठेवा. ठेवते आहे.

त्या डॉक्टरांचे आभार मी तोंडावर मानले नाहीत, तेव्हा सुचलंच नाही. म्हणून इथे लिहिते. शमशादभाभींचेही... त्या हे वाचून "काय लिवत बसता" म्हणतील, म्हणू देत.

आज सकाळी कापशाने पुन्हा पाय आपटले. मी त्याला नाही म्हणाले... आणि ह्यांनाही आपण असंच नाही म्हणत होतो, हे आठवून पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही.